शेवंताचे फुकटचे पैलवान

शेवंते, काल तुझा तेरावा झाला. जेवण चांगलं होतं, फक्त आचारी आमटीत मीठ घालायचं विसरला आणि अख्खी वसाहत गप गुमान जेवून उठली. तू असतीस तर पदर खोचून मांडवात शिरली असतीस आणि मिठाची बरणी त्याच्या हातात आदळली असतीस. मला तेवढं धाडस झालं नाही. मी कांदा तोंडी लावून चार घास खाल्ले आणि मनातल्या मनात तुलाच शिव्या घातल्या, की बाई, स्वतःच्या तेराव्याला तरी हजर राहायचं होतंस.

गेलीस तीही कशी! जेवलीस, भांडी घासलीस, 'वाईच आडवी व्हते' म्हणालीस. चारच्या चहाला मी हाक मारायला आले तर तू भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी म्हटलं, झोप लागलीय बाईला, लागू दे. परत गेले आणि एकटीनंच चहा प्याले.  असो. रडायचं ते मी पहिल्या दिवशी रडून घेतलंय आणि तुला रडकी माणसं आवडत नाहीत हे मला ठाऊक आहे.

आज सकाळी तुझ्या घरधन्यांनी, भाऊजींनी, मला बोलावलं. ते दिवाळीत रिटायर झाले तेव्हाच क्वार्टर सोडायचं ठरलेलं होतं, तू होतीस म्हणून ढकलत होते. आता रविवारी टेंपो येणार, आणि भाऊजी, बाळू, त्याची बायको आणि तुझी सासू असे सगळे चाकणच्या पुढं गावाला जाणार. सामान बांधायला माळा रिकामा केला, तर तिथून तुझा खजिना निघाला. चहाच्या पुड्यांतले प्लॅस्टिकचे चमचे. बिस्किटांच्या पुड्यांतले हत्ती, उंट, झेब्रे, एक बिनमानेचा जिराफ. वनस्पती तुपाचे हंसाच्या चित्राचे डबे, एकात एक घातलेले. कस्टर्ड पावडरीवर मिळालेला माशाचा साचा. बेबीफूडच्या डब्यातली मापं, लिंबू सरबताच्या बाटलीला बांधून आलेली गाळणी. आणि सगळ्यांच्या तळाशी, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले बलराज माल्टचे काचेचे पेले.

"सुलाबाई," भाऊजी म्हणाले, "हे मी गावाला नेऊन काय करू? तुमाला पाहिजे तर न्या. न्हाईतर भंगारवाल्याला सांगितलंय, दुपारून येतोय."

मी त्या पसाऱ्यासमोर फतकल मारून बसले आणि शेवंते, खोटं कशाला बोलू, मला तुझा भयंकर राग आला. कारण या सगळ्या पसाऱ्याविषयी मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. तीनदा विचारलं मी तुला आणि तीनदा तू मला उडवून लावलंस. ते पहिले सहा पेले तू माझ्यासाठी जमवलेस, की तुला खरंच फुकटाचं वेड होतं? माझ्यासाठी असतील तर त्याचे उपकार तुझ्या तोंडावर मानायचे राहून गेले. आणि नसतील तर मी वीस वर्षं उगाच मनात मांडे खात होते. यातलं खरं काय ते सांगायच्या आधीच तू भिंतीकडे तोंड केलंस.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही पिंपरीला आलो. चिपळूणकडची मी, लग्नाला दोन वर्षं झालेली, आमचे हे कंपनीत फाउंड्रीला लागलेले. कंपनीनं खोल्या दिल्या त्या जात बघून नाही, नंबर बघून, म्हणून तुझ्या दाराच्या समोरासमोर माझं दार आलं. गावात असतो तर तुमचा वाडा वरच्या अंगाला आणि आमची वस्ती खालच्या अंगाला राहिली असती. इथं मधे फक्त एक नळ होता. आम्ही दीक्षा घेतलेल्या घरातली माणसं. भिंतीवर बुद्धाची तसबीर बघून तुझ्या सासूनं पहिल्याच दिवशी आमचं सगळं ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या खिडकीच्या कट्ट्यावर बाहेरच्या बाजूला जर्मलचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, एक पेला येऊन बसला. चेपलेला, कडेला काळा पडलेला. माझा पेला.

तुझ्या सासूबाई काही दुष्ट नव्हत्या. सगळी वसाहत त्यांना आत्याबाई म्हणायची, मीही म्हणायचे. माझा मिलिंद पोटात असताना त्यांनीच मला डिंकाचे लाडू दिले, पण दिले ते वरून, हाताला हात न लावता, ओंजळीत टाकून. त्यांच्या मनात त्यात काही वावगं नव्हतं. आणि माझ्या वडिलांनी मला निघताना सांगितलं होतं, की सुले, जिथं वेगळ्या भांड्यात पाणी देतील तिथं पाणी प्यायचं नाही, पण भांडायचंही नाही, तहान नाही म्हणून सांगायचं. तेव्हा मी तुझ्या घरी येऊन बसायचे, तांदूळ निवडायचे, तुझ्या बाळूला मांडीवर घ्यायचे, आणि तू पाणी विचारलंस की म्हणायचे, मला तहान नाही. चैत्रात, पत्र्याखाली, घसा कोरडाठाक पडलेला असताना! घरी पळत जाऊन अख्खा तांब्या तोंडाला लावायचे.

तू काही म्हणाली नाहीस. सासूला नाही आणि मलाही नाही. मला वाटायचं, हिच्या लक्षातच येत नसेल. मोशीच्या मळ्यातून आलेली पोरगी, मोकळ्या गळ्याची, हसली की नळापर्यंत ऐकू जायचं. हिला काय कळणार आहे?

मग एक दिवस तू पिंपरीच्या बाजारातून बलराज माल्टची बरणी घेऊन आलीस. दूध पातळ, चहा पत्तीचा हिशोब करून, अशा घरात माल्ट! बरणीच्या गळ्याला सुतळीनं काचेचा पेला बांधलेला. पेल्यावर पैलवान. तांबडा लंगोट, पिळदार मिशा, एक दंड फुगवलेला आणि तोंडावर असं हसू, की आत्ताच कुणालातरी चीत करून आलाय. तू आत्याबाईंना म्हणालीस, बाळूच्या तब्येतीसाठी आणलंय, वर हा पेला फुकाट हाय. आत्याबाई नळावर गेल्या तशी तू त्या पैलवानात पाणी ओतलंस आणि माझ्यासमोर धरलंस.

"मला तहान नाही गं."

"मला ठाव हाय तुला तहान न्हाई. पी."

मी प्याले. पिऊन झाल्यावर डोळ्यांत पाणी आलं म्हणून ठसका लागल्याचं नाटक केलं. तूही माझ्या पाठीत उगाच दोन धपाटे घातलेस. आत्याबाई हंडा घेऊन दारात आल्या, त्यांनी माझ्या हातातला पेला बघितला, आणि दुसऱ्या दिवशी जर्मलच्या पेल्याशेजारी कट्ट्यावर पैलवान उभा! वर मलाच ऐकवलं, "आता तुला काचेचा दिलाय बघ." म्हणजे बढतीच की माझी.

त्यानंतर तुझं जे सुरू झालं त्यानं वाण्याच्या नाकी नऊ आले. आठवतो तुला तो दुकानदार? मुकाट्यानं बरणी द्यायचा आणि पेला काढून ठेवायचा, मागून वेगळा विकायला. सगळेच वाणी करायचे तसं. फुकटची वस्तू गिऱ्हाइकापर्यंत पोचायचीच नाही आणि कुणी विचारायचंही नाही. तू विचारलंस.

"शेट, बरणीच्या गळ्याला सुतळी हाय. पैलवान कुठं गेला?"

"बाई, कंपनीकडून असंच आलं."

"सुतळी पाठवली आन् पैलवान ठेवून घेतला व्हय कंपनीनं? गाठ तर तुमच्या हातची दिसती."

"संपले पेले."

"मग ते मागं फळीवर काय हाय? तुमचा मेव्हणा?"

दुकानातली माणसं हसायला लागली, शेट लालेलाल. मी लाजेनं तुझा पदर ओढतेय आणि तू ढिम्म हलत नाहीस. पेला घेतलास तेव्हाच पायरी उतरलीस. मी वाटेत म्हटलं, काय गं हा फुकटचंबूपणा? तर म्हणालीस, "फुकाट हाय ते आपलं हाय. सोडायचं कशाला?" फुकटचा पेला मिळावा म्हणून महागाची बरणी घेणारी बाई मी तुझ्याशिवाय दुसरी बघितली नाही.

आणि ते माल्ट तुमच्या घरात कुणाला आवडत नव्हतं! बाळू तर वास आला तरी पळायचा. मग तू चार वाजता पातेलंभर पाण्यात ते कालवायचीस आणि वसाहतीतल्या सगळ्या पोरांना ओळीनं बसवून पाजायचीस, माझ्या मिलिंदलाही, त्याच पैलवानांतून. आमचा मिलिंद आज पावणेसहा फूट आहे आणि त्याचं श्रेय तो त्या गढूळ पाण्याला देतो. बापाच्या उंचीचं नाव काढत नाही.

एकाचे दोन पैलवान झाले, दोनाचे चार, चाराचे सहा. सगळे हुबेहूब, तोच लंगोट, तेच हसू. कट्ट्यावरचा पेला तू रोज धुऊन आतल्या पेल्यांत मिसळायचीस. आत्याबाईंना कळेना, की यातला कोणता सुलेचा. मग त्यांनी डोकं चालवलं. तंबाखूच्या डबीतला चुना घेतला आणि माझ्या पेल्याच्या बुडाला ठिपका लावला. मी माझ्या दारातून बघत होते. दुसऱ्या दिवशी पाहते तर सगळ्याच पैलवानांच्या बुडाला चुन्याचे ठिपके! आत्याबाई एकेक पेला उलटा करून बघतायत आणि तू चुलीपुढं बसून भाकरी थापतेस, जशी काही गावचीच नाहीस. म्हातारीनं मग सगळे पेले राखेनं घासायला काढले. आज घासले, उद्या घासले, मग केव्हातरी सोडून दिलं. जर्मलचा पेला कोंबड्यांच्या पाण्याला गेला. त्या उन्हाळ्यात मी तुझ्या घरी इतकं पाणी प्याले, इतकं प्याले, की तू म्हणालीस, "हंडा जवळ घेऊनच बस की."

यावर आपण दोघी एका शब्दानं कधी बोललो नाही. पहिल्यांदा मी तुला विचारलं ते नळावर. म्हटलं, शेवंते, हे सगळं तू कशासाठी केलंस? तू कळशी उचलून कमरेवर घेतलीस आणि म्हणालीस, "छंद लागलाय बया मला. फुकाट मिळतंय तर सोडती व्हय मी?"

आणि मग तसं वागूनही दाखवलंस! पेल्यांवर थांबली असतीस तर माझा संशय टिकला असता. पण तुझी गाडी सुटली ती सुटलीच. चहाची पुडी चमचा बघून घ्यायचीस, बिस्किटाचा पुडा हलवून आत हत्ती आहे का उंट ते कानानं ओळखायचीस. मोशीहून तुझा भाऊ मेथी-कांदा घेऊन आला, की त्यातल्या जुड्या देऊन तू बायकांकडून त्यांच्या पुड्यांतले चमचे घ्यायचीस. पोरांशी झेब्र्यावरून भांडायचीस. कंपनीच्या कॅन्टीनमधून भाऊजी रिकामे तुपाचे डबे सायकलला लटकवून आणायचे तेव्हा त्यांचे मित्र म्हणायचे, "काय राव, कंपनी सोडून भंगाराचा धंदा काढला का?" बिचारे भाऊजी. तुझ्यापायी त्यांनी काय काय ऐकून घेतलं.

माशाचा साचा आठवला की मला अजून हसून मुरकुंडी वळते. कस्टर्ड पावडरचा डबा तू कशाला घेतलास देव जाणे, कस्टर्ड म्हणजे काय ते वसाहतीत कुणाला माहीत नव्हतं. पण वर साचा मिळत होता. आणि साचा मिळालाय तर तो वापरायचा, म्हणून तू सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा त्यात थापलास. भटजींनी आरती संपवली, तू ताट पुढं केलंस, वरचं झाकण काढलंस, तर केळीच्या पानावर साजूक तुपातला शिऱ्याचा मासा! खवले, शेपूट, डोळ्याच्या जागी बेदाणा. भटजींच्या हातातली पळी तशीच राहिली. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला.  आणि तू काय म्हणालीस?

"गुरुजी, इष्णूचा पयला अवतार ह्योच न्हवं?"

भटजींनी पळी खाली ठेवली. म्हणाले, हो, तसं शास्त्राला सोडून नाही. मी दारात उभी होते. पूजेला मी हात जोडत नव्हते, पण शिऱ्याला माझा काही विरोध नव्हता. तू मला मुद्दाम शेपटाचा तुकडा दिलास, म्हणालीस, कोकणातली हाय, तिला शेपूट. मला वाटलं, एवढ्या फजितीनंतर तू साचा फेकून देशील. छे! पुढच्या वर्षी गणपतीच्या खिरापतीलाही तोच साचा.

आणि पैलवान! तुझे पैलवान तर वसाहतीचे मानकरी झाले. सहा एकसारखे काचेचे पेले दुसऱ्या कुणाकडे नव्हते, म्हणून कुणाच्याही मुलीला बघायला पाहुणे यायचे असले, की सकाळी तुझ्या दारात निरोप: शेवंताकाकू, पैलवान द्या. एकदा काय झालं, एकाच मुलाकडच्यांनी एकाच दिवशी वसाहतीतल्या दोन मुली बघायचं ठरवलं, आणि तू दोन्हीकडे हो म्हणून बसलीस. सकाळचं सरबत झालं, पेले धुतले आणि मागच्या दारानं दुपारच्या घरी गेले. दुपारी मुलाचा मामा पेला तोंडाला लावणार, तेवढ्यात थबकला. "हा पैलवान सकाळी त्या घरात होता की हो." सगळे एकमेकांकडे बघतायत, मुलीच्या आईचा चेहरा पडलेला, आणि तू आतून पोह्यांचं ताट घेऊन आलीस ती बोलतच, "कंपनीनं समद्यास्नी दिल्यात पाव्हणं, दसऱ्याला. तुमच्या कंपनीत देत न्हाईत व्हय?" मामानं पेला तोंडाला लावला. आपल्या भाच्याच्या कंपनीत काही देत नाहीत याचंच त्याला वाईट वाटलं असावं. लग्न ठरलं, दुपारच्या मुलीशी.

दुसऱ्यांदा मी तुला विचारलं ते मिलिंद मॅट्रिक झाला तेव्हा. पेढे द्यायला आले होते. आत्याबाईंनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "चांगला हाय." तो क्षण मला मोठा वाटला आणि मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, शेवंते, आज तरी सांग. तू म्हणालीस, "पेढ्याचा डबा रिकामा झाला की मला दे. झाकनावर मोर हाय." मी संतापून डबा तुझ्या हातात कोंबला, पेढ्यांसकट.

आणि तिसऱ्यांदा परवा परवा, पायरीवर. वसाहतीत नव्यानं आलेल्या रंगीत टीव्हीवरून तुम्हा बायकांची काहीतरी चर्चा चालली होती, ती थांबवून मी विचारलं. तर म्हणालीस, "तुला लई चौकशा. ऊठ, तुज्या कुकराची शिटी झाली." आणि शिटी झालेली नव्हती!

तर आज मी त्या पसाऱ्यात बसले होते. खिडकीशी खाटेवर आत्याबाई. आता ऐंशीच्या पुढं गेल्यात, नजर अधू झालीय, पण कान शाबूत. त्यांचं आणि माझं एवढ्या वर्षांत ठीक चालतं, पण त्या पेल्यांचा विषय आम्ही कधी काढलेला नाही. मी लुगडं सोडून एकेक पैलवान बाहेर ठेवत होते, काचेचा आवाज झाला तशा त्या म्हणाल्या, "गिलास हाईत न्हवं ते?"

"हो, आत्याबाई."

"तिनं तुला सांगितलंच न्हाई जनू."

मी म्हटलं, काय सांगायचं होतं?

"त्या गिलासाच्या आधी हिनं या घरात फुकाटची काडी आनली नव्हती," आत्याबाई म्हणाल्या. "लई ताठ. बाप तसाच व्हता तिचा, कुनाचं काय घेयाचा न्हाई. एकदा वान्यानं बाळूच्या हातावर गुळाचा खडा ठिवला, तर हिनं पोराला माघारी पाठवून परत द्याय लावला. पोरगं रडत आलं. आन् तीच बाई एक दिस गिलास घेऊन आली आन् म्हनती, आत्याबाई, मला छंद लागलाय. मी काय आंधळी व्हते? तवा तर मला चांगलं दिसत व्हतं."

हातातला पैलवान मी खाली ठेवला. म्हटलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? ती भांडली असती तर मी भांडले असते. मी तयारच व्हते. पर भांडलीच न्हाई की. सोताचं हसं करून घेतलं. शेवंता फुकाटासाठी येडी झालीया म्हनून समदी हसाय लागली. मग मलाबी बरं पडलं. गावाकडची मानसं आली आन् इचारलं, की शेजारनीला कशात पानी देता, तर सांगाय झालं, सुनंच्या छंदापायी समदे गिलास सारकेच झाल्यात, वळखू येत न्हाईत, मी काय करू?"

"आणि बाकीचं?" मी विचारलं. "हे चमचे, हत्ती, डबे?"

आत्याबाई माझ्याकडे तोंड वळवून अशा बघायला लागल्या, जशी काही मीच खुळी आहे. "एकट्या गिलासाचा छंद असतो व्हय कुनाला? कळलं नसतं का समद्यास्नी?" मग म्हणाल्या, "फुडं फुडं लागला असंल खरा. ते तिचं तिला ठाव."

"तुम्हाला राग नाही आला तिचा?"

"आला की. अजून बी येतो."

शेवंते, मेले, काय बाई होतीस तू! मी तिथंच, त्या हत्ती-उंटांत बसून आधी हसले आणि मग रडले, आणि आत्याबाई म्हणाल्या, गप, बाळूची बायको बघती. अगं, वीस वर्षं मी तुला फुकटचंबू म्हटलं, चारचौघींत म्हटलं, आणि तू दात काढून हसलीस. ज्या बाईनं पोराच्या हातातला गुळाचा खडा परत करायला लावला, ती बाई माझ्यासाठी वाण्याच्या दारात उभी राहून पेल्यावरून भांडली. सासूचाही मान राखलास, माझाही राखलास, आणि आपला मात्र घालवलास, तोही हसत हसत. आणि मला साधं एका शब्दानं सांगितलं नाहीस, कारण सांगितलं असतंस तर ते उपकार झाले असते आणि मग मी तुझ्या घरचं पाणी पुन्हा प्याले नसते. मला ओळखून होतीस तू. माझ्या वडिलांनाही ओळखून होतीस, न बघता.

फार उपकार झाले गं तुझे. हे मला तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं. तू मधेच म्हणाली असतीस, "बास झालं, कांदे चिरायला घे." तरी मी म्हटलं असतं.

दुपारी भंगारवाला आला. मी त्याला दारातूनच पिटाळलं. मग मी आणि भाऊजींनी मिळून तुझा सगळा पसारा आमच्या दारात आणून ठेवला, डबे, चमचे, साचा, बिनमानेचा जिराफसुद्धा. एकही वस्तू सोडली नाही. वसाहतीतल्या बाया आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पदरात तोंड दाबून हसायला लागल्या. माझी सून बाहेर आली, एकदा त्या ढिगाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"आई, अहो हे काय? या वयात? सगळे हसतायत बघा."

"हसू देत," मी म्हटलं. "मला छंद लागलाय."